आलायस, पण अजून पोचला नाहीस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३. लग्नाला पंधरा वर्षं झालीत, बारा वर्षांची मुलगी आहे. बिनपगारी रजा घेऊन पाच महिने एकट्याने मोटरसायकलवर फिरून आले. एकवीस हजार किलोमीटरच्या वर रनिंग झालं. परतून नऊ आठवडे झालेत, पण ऑफिसात लक्ष लागत नाही आणि सामानाच्या बॅगा अजून बांधलेल्याच आहेत. बायकोने एके दिवशी रायडिंग जॅकेट धुऊन वाळत घातलं, तेव्हा हे इतके ओरडले की मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसली. तिसऱ्या महिन्यात मुलीचं मनगट फ्रॅक्चर झालं होतं. परत येईपर्यंत त्यांना ते कळूच दिलं नाही, याचा राग मनात आहे. मित्रांना ट्रिपबद्दल सांगायला लागलं की दहा मिनिटांत विषय बदलतो. मुलगी विचारते, "बाबा, तू परत कधी जाणार?" बायको म्हणते, "तू आलायस, पण अजून पोचला नाहीस." बाईक टूर नेणाऱ्या एका कंपनीने ग्रुप लीडरच्या कामासाठी विचारलंय आणि महिन्याभरात उत्तर द्यायचंय. ते लिहितात, "रस्त्यावर मी खरा होतो. घरी आलो आणि पुन्हा खोटा झालो. खरं तर परतायलाच नको होतं. नोकरी सोडून पुन्हा निघू, की बाईक विकून हा विषय कायमचा संपवू?" आणि अगदी शेवटी कंसात: "(झोप येत नाही तेव्हा रात्री हायवेला जाऊन गाडी पळवून येतो. तेवढं बरं वाटतं.)"

नमस्कार.

तुम्ही कंसात टाकलेल्या ओळीपासून सुरुवात करते. बाकी सगळ्याला वेळ आहे, तिला नाही.

रात्रीची गाडी आजपासून बंद करा. रायडिंग बंद करा असं मी म्हणत नाहीये. झोप न झालेल्या, आतून तापलेल्या डोक्याने अंधारात गाडी पळवणं बंद करा. तासन्तास वेगात गाडी चालवली की डोळे त्या वेगाला सरावतात आणि प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा वेग कमी वाटायला लागतो. हायवे सोडून वस्तीत शिरताना गाडी रांगतेय असं वाटतं आणि काट्याकडे नजर गेली की धक्का बसतो, हे तुम्ही कितीदा तरी अनुभवलं असेल. म्हणजे 'पळवून बरं वाटायला' दर वेळी थोडा जास्त वेग लागणार. तो कुठवर वाढवणार? ट्रिपवर असताना तुम्ही अशा अवस्थेत गाडी काढली असती का? पाच महिने एकटा हिंडून सुखरूप घरी येणारा माणूस थकला की थांबणारा असतो, अंधार पडायच्या आत मुक्काम शोधणारा असतो. तोच शहाणपणा इथेही वापरा. झोपताना किल्ली बायकोच्या हातात द्या. तिने मागण्याची वाट बघू नका, आपणहून द्या. हात शिवशिवत असतील तर झोप झाल्यावर सकाळी लवकर तासभर जाऊन या, पण उजेडात आणि सावकाश.

आणि हेही बघा. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली बसलेलं असेल, झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर माझ्या उत्तरावर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार मनात येत असतील तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि आजच जा. नऊ आठवडे म्हणजे थोडाथोडका काळ नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. त्याआधी एक धबधबा दाखवते.

१८३४ साली रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाचे एक गृहस्थ स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यासमोर उभे होते. पडणाऱ्या पाण्याकडे थोडा वेळ टक लावून पाहिल्यावर त्यांनी नजर बाजूच्या खडकांवर नेली, तर खडक वर सरकताना दिसायला लागले. डोळ्यांना खाली जाणाऱ्या पाण्याची सवय झाली होती, म्हणून स्थिर खडक उलटे चालू लागले. तुम्हीही हे पाहिलंय. दिवसभर चालवून संध्याकाळी थांबायचं, साइड स्टँड लावायचा, हेल्मेट काढायचं आणि समोर बघायचं. काही क्षण समोरचा रस्ता हळूहळू आपल्यापासून लांब सरकल्यासारखा दिसतो. डोळ्यांना हे एका दिवसात होतं. तुमचं मन तर पाच महिने रोज पुढे धावत होतं. आता घरात उभे आहात आणि घर लांब सरकताना दिसतंय. पण खडकांसारखंच घरही जागेवर आहे.

मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी अडीच महिने एकटी गाडीवर होते. परत आल्यावर तीन आठवडे तरी रात्री दचकून उठायचे आणि उशीखाली हात घालून किल्ली आणि कागदपत्रांची पिशवी चाचपायचे. पिशवी कपाटात होती आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. मला हे ठाऊक होतं, तरी हात जायचाच. उद्या कुठेही निघायचं नाहीये, हे शरीराला कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा मला वाटलं, मी या घरासाठी बनलेलीच नाही. खरं कारण एवढंच होतं, की हाताला उशीखाली जायची सवय लागली होती.

म्हणून तुमच्या 'रस्त्यावर खरा, घरी खोटा' या वाक्यापाशी मी अडले. ते वाक्य मनापासून आलंय, पण मला ते पटत नाही.

रस्त्यावर काय असतं? रोजचं काम त्या दिवसाच्या मापाचं असतं. टाकीत पेट्रोल, टायरमध्ये हवा, चेनला ल्यूब, पाऊस गाठायच्या आत घाट उतरायचा, रात्री डोकं टेकायला जागा. सकाळी प्रश्न पडतो आणि संध्याकाळपर्यंत सुटलेला असतो. झोपताना माणूस दमलेला असतो, पण मागे काही राहिलेलं नसतं. घरातलं एकही काम या मापाचं नसतं. मुलीला वाढवणं संध्याकाळी संपत नाही. पंधरा वर्षांचं लग्न, आईवडिलांचं उतरतं वय, कर्जाचे हप्ते, ऑफिसातलं लांबलेलं काम, यातलं काहीच हातावेगळं करून झोपता येत नाही. तुम्हाला ज्याची ओढ लागलीय त्याला तुम्ही स्वातंत्र्य म्हणता. मला वाटतं तुम्हाला 'झालं एकदाचं' ही रोज संध्याकाळची भावना हवी आहे. ती हवीशी वाटण्यात गैर काहीच नाही, फक्त तिच्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

दुसरं म्हणजे वाटेत भेटलेली माणसं. तुम्ही लिहिलंय, की अनोळखी लोकांनी जितक्या आपुलकीने विचारपूस केली तितकी घरच्यांनी केली नाही. त्यांची आपुलकी खरी होती, पण भेट वीस मिनिटांची होती. त्या वीस मिनिटांत त्यांनीही आपली उत्तम बाजू दाखवली आणि तुम्हीही. त्यांना तुमचं घोरणं, विसरणं, पैशाची भांडणं यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोला सगळं ठाऊक आहे आणि तरी ती तुमची वाट बघत होती.

आणि एक गोष्ट मला तुमच्या पत्रात दिसलीच नाही. चार पानांच्या पत्रात पाच महिन्यांतला एकही वाईट दिवस नाही. एकवीस हजार किलोमीटरमध्ये एकदाही गाडी आडवी झाली नाही? अंगात ताप घेऊन एखाद्या परक्या खोलीत छताकडे बघत पडून राहिला नाहीत? 'कशाला आलो इथे' म्हणून रडू आलं नाही? आलं असणार. ते दिवस आठवून लिहून काढा, कारण पुन्हा निघायचा निर्णय घ्यायचा तर तो अख्ख्या प्रवासाकडे बघून घ्यावा लागेल. जॅकेट बायकोने धुतलं, आठवणी मात्र तुम्ही स्वतःच धुतल्यात.

त्या जॅकेटबद्दल थोडं सविस्तर बोलू. तुम्हाला का लागलं ते मला समजतं. त्याला धूर, घाम, ओली माती असा सगळ्या प्रवासाचा वास होता, कोपरांवर मळाचा थर होता, आणि पाच महिन्यांचा तेवढाच एक साक्षीदार तुमच्याजवळ होता. एकट्याने जाण्याची ही किंमत असते. दोघं गेले असते तर 'तुला आठवतं का' म्हणायला कुणीतरी असतं. तुमच्याकडे फक्त वस्तू आहेत. म्हणूनच बॅगाही उघडवत नाहीत. त्या उघडल्या की ट्रिप संपली असं होईल.

पण तेच जॅकेट तिच्या बाजूने बघा. ते घालून नवरा पाच महिने गेला होता. तो परतला, पण जॅकेट दाराजवळच्या खुंटीवर असं लटकत राहिलं, जणू उद्या पुन्हा अंगात चढणार. सात-आठ आठवडे ती येता-जाता ते बघत होती. मग एके दिवशी तिने ते धुतलं. मला तरी त्यात 'तू आता घरी आहेस ना' एवढंच ऐकू येतं.

माफी मागितलीत का? पत्रात तसं काही नाही. मागा, आणि 'सॉरी, पण तूही विचारायला हवं होतंस' अशी नको. 'मी ओरडलो ते चुकलं. त्या जॅकेटच्या वासात माझी सगळी ट्रिप होती, आणि हे तुला मी कधी सांगितलंच नव्हतं,' एवढं पुरे. मुलीसमोर ओरडला होतात, तेव्हा माफीही मुलीसमोरच मागा.

आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात, घरी येणाऱ्या माणसावर एक लेख लिहिला होता. त्यातला एक मुद्दा तुमच्यासाठीच असावा असा आहे. परक्या ठिकाणी जाणाऱ्याला आधीच माहीत असतं, की इथलं आपल्याला काही ठाऊक नाही, म्हणून तो डोळे-कान उघडे ठेवून वागतो. घरी परतणाऱ्याला मात्र वाटत असतं, की इथलं सगळं आपल्याला ठाऊकच आहे. तो तिथेच ठेचकाळतो. आपण जे घर सोडून गेलो तेच आत्ता समोर आहे, असं तो धरून चालतो. नव्या गावात शिरताना तुम्ही पाच महिने वेग कमी केलात, लोकांना वाट विचारलीत. स्वतःच्या घरात मात्र जुन्याच वेगाने शिरलात.

तुमच्यामागे त्या घरात काय काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का? मनगटाचं फ्रॅक्चर कळलं, कारण ते लपवलं होतं. न लपवलेलं कितीतरी असेल, जे कुणी विचारलंच नाही म्हणून सांगायचं राहिलं.

तेव्हा एक काम करा. माझ्या या सगळ्या उत्तरातलं एकच ऐकणार असाल, तर हे ऐका. तुमची प्रवासाची डायरी, नाहीतर फोनमधले तारखेवार फोटो घ्या. बायकोकडे घरातलं कॅलेंडर असेल, फोनमधले मेसेज असतील. दोघं एका टेबलाशी बसा, मुलगी हवी असेल तर तिलाही घ्या, आणि पहिल्या आठवड्यापासून एकेक आठवडा समोरासमोर ठेवत चला. 'या दिवशी मी खिंडीतून बर्फाचा फोटो पाठवला होता. तेव्हा इथे काय चाललं होतं?' मग गप्प बसून ऐका. प्लास्टर घातलेला हात पिशवीत गुंडाळून मुलीला आंघोळ कोण घालत होतं, अर्जावर सही कुणी केली, रात्री कडी लावल्यावर घरात कसं वाटायचं. एका बैठकीत दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नका. घाई केलीत तर ती फक्त यादी होईल.

मी हे इतकं ठासून सांगतेय कारण मी ते केलं नव्हतं. माझा फोन येईपर्यंत आई रोज रात्री दिवा मालवत नसे, हे मला कितीतरी वर्षांनी, तेही तिच्या बहिणीकडून कळलं. मी परत आल्यावर आईला माझे फोटो दाखवले होते, एकूण एक. ते अडीच महिने तिचे कसे गेले, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

फ्रॅक्चर का लपवलं, हेही त्या टेबलाशी विचारा, पण जाब विचारल्यासारखं नको. तुम्हाला वाटतंय तुम्हाला परकं केलं. तिला वाटलं असेल, सांगितलं तर तो घाबऱ्याघुबऱ्या दिवसरात्र गाडी हाणत परत येईल आणि वाटेत काही तरी करून घेईल. मला तर हेच जास्त शक्य वाटतं. तरी तुमचा रागही खोटा नाही. बाप म्हणून कळायला हवं होतं असं वाटणं रास्तच आहे. पुढच्या वेळी कुठली बातमी लगेच सांगायची आणि कुठली थांबवायची, हे निघण्याआधी ठरवून घेता येईल.

हो, मी 'पुढच्या वेळी' म्हटलं. त्याकडे येतेच, पण आधी मुलीचा प्रश्न. "बाबा, तू परत कधी जाणार?" हे तुम्हाला 'जा एकदाचा' असं ऐकू आलं. बारा वर्षांची मुलगी तारीख विचारतेय. किती दिवस तुम्हाला धरून चालायचं, हे तिला ठरवायचंय. बॅगा भरलेल्या दिसताहेत, बाबा रात्रीबेरात्री गाडी घेऊन गायब होतात, मग ती दुसरं काय विचारणार? 'आता कधीच नाही' असं वचन देऊ नका, ते मोडेल. 'इतक्यात नाही. आणि ठरेल तेव्हा सगळ्यात आधी तुला सांगेन,' असं म्हणा आणि तसंच वागा.

आता तुम्ही मांडलेले पर्याय.

बाईक विकणं मला अजिबात मान्य नाही, निदान या मनःस्थितीत नाही. त्यात स्वतःला शिक्षा करण्याचा सूर आहे, आणि ज्याच्यासाठी शिक्षा भोगली त्याच्यावर माणूस नंतर डूख धरतो. उद्या कुठल्याही भांडणात 'तुमच्यासाठी गाडी विकली' हे वाक्य बाहेर येईल. सहा महिने गाडी तशीच असू द्या. मग पैशासाठी किंवा वापर नाही म्हणून विकावीशी वाटली तर खुशाल विका.

लगेच पुन्हा निघणं, किंवा तुम्ही म्हणता तसं परतायलाच नको होतं, याबद्दल मला एक खलाशी आठवतो. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत झाली. तिच्यात बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच खलाशी जिंकण्याची चांगली शक्यता असलेल्यांपैकी होता. पण शर्यतीचा शेवट जिथे होता त्या युरोपकडे वळण्याऐवजी तो तसाच पुढे गेला आणि ताहितीला जाऊन थांबला. घरी बायको वाट बघत होती. एकट्याने भटकणाऱ्या लोकांना ही गोष्ट फार प्रिय आहे, मलाही होती. आता वय वाढल्यावर मला किनाऱ्यावर थांबलेल्या त्या बाईचाही विचार येतो. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत बंदराला लागला, आणि पुढेही आयुष्यभर समुद्रावर जात राहिला. घरी आल्याने समुद्र सुटत नाही.

मोटरसायकलवाल्यांमधलंच उदाहरण हवं असेल तर टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराचं घ्या. १९७३ मध्ये तो ५०० सीसीच्या ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षांनी, १९७७ मध्ये परतला. पुन्हा त्याच वाटेने तो निघाला २००१ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना. मधे चोवीस वर्षं गेली. तुम्हाला चोवीस वर्षं थांबा असं मी म्हणत नाही. पण आत्ताच्या आत्ता निघालो नाही तर दार कायमचं बंद होईल ही जी तुमची घालमेल चाललीय, ती खरी नाही.

राहिली ग्रुप लीडरची नोकरी. इथे मला तुम्हाला थोडं हलवून जागं करावंसं वाटतं. तुम्हाला प्रवासात काय आवडलं, याचं तुम्ही जे लिहिलंय ते सगळं एकटेपणाबद्दल आहे. मनात येईल तिथे थांबणं, कुणाला उत्तर न देणं, तासन्तास हेल्मेटच्या आत आपल्याच विचारांत असणं. या कामात नेमकं तेवढंच नाही. तिथे सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगाने जायचं, दुसऱ्याचं पंक्चर, दुसऱ्याची पडझड, दुसऱ्याच्या खोलीची तक्रार निस्तरायची, दर मुक्कामी डोकी मोजायची, आणि पुढच्या महिन्यात तोच रस्ता, तेच घाट, तेच थांबे. ज्याला माणसं सांभाळायला आवडतात त्याच्यासाठी हे फार सुंदर काम आहे. तुम्ही तसे आहात का? असालही. पत्रावरून कळत नाही. तेव्हा कंपनीला कळवा, की राजीनामा देण्याआधी आठ-दहा दिवसांच्या एका टूरला मी मदतनीस म्हणून येतो, सगळ्यात मागची गाडी चालवतो. तेवढी रजा मिळेल. वर्षात एकूण किती दिवस काम असतं, सीझन नसताना काय, अपघात झाला तर विमा कुणाचा, हे लेखी विचारा. एवढ्यालाही ते नाही म्हणाले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

घाईने निर्णय नको म्हणतेय त्याला आणखी एक कारण आहे. परदेशात राहून आलेल्यांचा अभ्यास करताना १९५५ मध्ये नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड याने त्यांच्या मनःस्थितीचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा मांडला. सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग सावरणं. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने त्याला घरी परतल्यावरचा दुसरा खड्डा जोडला, आणि यूचा डब्ल्यू झाला. सगळ्यांची गाडी या आलेखावरूनच जाते असं नाही, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. पण घरी आल्यावर खड्डा लागतो, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्ही तो स्वतःचा दोष धरून बसलात. खड्ड्यात असताना पुढचा रस्ता दिसत नाही. आधी वर या.

मित्र ऐकत नाहीत, याचं दुःख मला सगळ्यात ओळखीचं आहे. एल्स्पेथ बिअर्ड ही ब्रिटिश तरुणी १९८२ मध्ये, आर्किटेक्चरचं शिक्षण अर्धवट ठेवून, जुन्या बीएमडब्ल्यूवर एकटी जगप्रवासाला निघाली आणि १९८४ मध्ये सुमारे ५६ हजार किलोमीटर करून परतली. एवढं करून आल्यावरही घरी फारसं कुणाला ऐकण्यात रस नव्हता, असं तिने पुढे सांगितलं आहे. तिने शिक्षण पूर्ण केलं, आर्किटेक्ट झाली, एक जुना पाण्याचा टॉवर घेऊन त्याचं राहतं घर केलं. प्रवासाचं पुस्तक तिने तीस वर्षांहून अधिक काळाने लिहिलं. ऐकणारी माणसं मिळतात, पण ती आपल्या सोयीने मिळत नाहीत. मित्रांना पाच महिने एका बैठकीत देऊ नका. एक रात्र सांगा, एक माणूस सांगा. आणि त्यांनाही विचारा, तुमचं कसं चाललंय.

असंच काहीसं ज्यांच्या बाबतीत घडलंय त्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण अशी पत्रं अधूनमधून येतात. जे अजून निघायचे आहेत त्यांनी परतीचे दिवस धरून रजा टाकावी. रात्री घरी पोचून सकाळी ऑफिसला जायचं, असला बेत करू नये. शेवटचा मुक्काम घरापासून दोन-तीन तासांवर करून दिवसाउजेडी, ताजंतवानं घरी यावं. निदान चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत. जे एकटे राहतात, ज्यांना कुलूप उघडून बंद घरात शिरायचंय, त्यांनी पोचायच्या दिवशी कुणाला तरी घरी बोलावून ठेवावं. ती पहिली संध्याकाळ फार जड जाते. आणि परतल्यावर शरीराकडेही बघावं. ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. इअरप्लग न लावता महिनोन् महिने चालवलं असेल आणि शांत खोलीत कानात शिट्टी वाजत असेल, तर कान तपासून घ्या. करंगळीला किंवा बोटांना मुंग्या येणं काही आठवड्यांत थांबलं नाही तर तेही दाखवा.

आणि जे घरी वाट बघत होते त्यांना एक विनंती. 'कशी झाली ट्रिप?' असं विचारलं की 'मस्त' एवढंच उत्तर येतं. 'सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली?' असं विचारून बघा. बॅगांना मात्र हात लावू नका, त्या त्याला किंवा तिला उघडू द्या.

तुमच्या बॅगा या रविवारी उघडा, मुलीला बरोबर घेऊन. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूची गोष्ट तिला सांगा, तुटलेल्या क्लच वायरची आणि भिजून फुगलेल्या नकाशाचीसुद्धा. मग दोघं मिळून गाडीकडे जा. एकवीस हजार किलोमीटरनंतर तिचीही अवस्था बघण्यासारखी असेल. चेन काढून धुवा, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे, दात झिजून टोकदार झालेत का बघा, एअर फिल्टर उघडा, ब्रेक पॅड किती उरलेत ते तिला दाखवा. मागचा टायर सरळ रस्त्यावर चालून मधोमध सपाट झाला असेल, त्यावरून तिला हात फिरवू द्या. हँडल डावी-उजवीकडे वळवताना मधे अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. संध्याकाळपर्यंत हे सगळं संपेल, हात काळे होतील, आणि 'झालं एकदाचं' म्हणून दोघंही उठाल.

कंपनीला उत्तर द्यायला चार आठवडे आहेत. कॅलेंडर घेऊन निदान दोनदा बसून झालं की मला पुन्हा लिहा. बायकोला काही कळवायचं असेल तर तिलाही लिहायला सांगा, तिचं पत्र मी आधी वाचेन.